रुग्ण क्रमांक तीनचा मोर

“डोळे मिटा, गुंफाबाई. मी जिथे स्पर्श करीन तिथे दुसऱ्या हाताचं बोट ठेवायचं. कळलं?”

“हाव, बाई.”

खिडकीजवळच्या लाकडी स्टुलावर गुंफा ठवरे बसली होती. तिच्यासमोर गुडघ्यावर वही ठेवून डॉक्टर वैदेही कर्णिक बसल्या होत्या आणि मी गळ्यात कॅमेरा अडकवून बाजूला उभा होतो. डॉक्टरांनी कापसाची बारीक वात वळून गुंफाच्या मनगटाला लावली. गुंफाने तत्काळ तिथे बोट टेकवले. वात कोपराला लागली, बोट कोपरावर गेले. मग ती वात हाताच्या आतल्या बाजूस गोंदलेल्या मोराच्या पाठीवर टेकली. गुंफाचे बोट हवेतच राहिले.

“लावा ना, बाई,” ती मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली. “कवाची वाट पाहून राहिली मी.”

वात तिच्या हातावरच होती. डॉक्टरांनी ती तीनदा फिरवली, किंचित दाबली, आणि वहीत काहीतरी लिहिले.

“उघडा डोळे. निवृत्ती, फोटो घ्या.”

मी त्या काळी जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात त्वचारोग विभागाचा कक्षसेवक होतो. दहावीत दोनदा नापास झाल्यावर तालुक्याच्या एका स्टुडिओसाठी मी पाच वर्षे लग्नांचे फोटो काढले होते. ही गोष्ट कळताच डॉक्टर कर्णिकांनी स्वतःचा कॅमेरा माझ्या हाती सोपवला. त्या पुण्याकडच्या, वयाने माझ्याहून दहा वर्षांनी लहान, आणि शिपायालाही ‘अहो’ म्हणणाऱ्या होत्या. तोपर्यंत त्यांचे दोन शोधनिबंध प्रसिद्ध झाले होते. पहिला, दुकानातून आणलेली भलतीच मलमे चोळून लोकांनी चिघळवलेल्या नायट्यांवर. दुसरा, आश्रमशाळेतल्या खरजेवर. तिसऱ्याची तयारी चालली होती. जत्रेत एकाच सुईने दहा-दहा मुलींना गोंदले जाते, त्या सुईबरोबर कुष्ठरोगाचे जंतू कातडीत शिरतात, आणि पुष्कळ वर्षांनी चट्टा नेमका गोंदणावर उमटतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्याच्या पुष्ट्यर्थ त्यांना पाच रुग्ण सापडले होते. गुंफा त्यांतली तिसरी.

आणि गुंफा माझ्याच गावची. वडधामणीत आमच्या घरापासून चौथे घर तिच्या वडिलांचे. लग्न होऊन ती सासरी गेली, नवरा वारल्यावर माहेरी परतली, आणि गावच्या शाळेत मुलांची खिचडी शिजवण्याचे काम तिला मिळाले. मला ती भाऊ म्हणत असे.

तिचा तो मोर सबंध गावाला ठाऊक होता. ती दहा वर्षांची असताना जत्रेत गोंदारणीने तिच्या हातावर मोर काढायला घेतला. पिसारा झाला, पाठ झाली, पाय झाले. मानेपाशी सुई आली मात्र, गुंफाने किंकाळी फोडून हात हिसकला आणि ती जी पळाली ती थेट घरी. मुंडके राहिले ते राहिलेच. ‘बिनमुंडीचा मोर’ म्हणून पोरे तिला पुढे कित्येक वर्षे चिडवीत होती, आणि त्या पोरांत मी पुढे होतो.

फोटो घेऊन झाल्यावर डॉक्टर दुसऱ्या खोलीत गेल्या. संमतिपत्र मराठीत समजावून सांगणे हे माझे काम होते. मी कागद गुंफापुढे ठेवला.

“भाऊ,” तिने आवाज खाली केला, “हा महारोगच होय ना?”

“कुष्ठरोग म्हणावे, गुंफा. बारा महिने गोळ्या घेतल्या की पूर्ण बरा होतो. पहिल्या मात्रेनंतर तो दुसऱ्याला लागतसुद्धा नाही.”

“ते बाईनं सांगतलं मले. मी गावाचं इचारून राहिली.” ती दाराकडे पाहून म्हणाली. “शाळेचं काम हाय मायं. शंभर लेकरं खातेत माया हातचं. हे कोणाले समजलं त दुसऱ्या दिवशी माया हातचं पानी नाही पेणार कोणी.”

“कोणाला समजणार नाही.”

“आन हा फोटो?”

“तो इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकात छापला जाईल. त्यात तुझे नाव नाही, चेहरा नाही, गाव नाही. केवळ ‘रुग्ण क्रमांक तीन’ एवढेच लिहिलेले असेल. दिल्ली-मद्रासकडचे मोठमोठे डॉक्टर ते वाचतात. वडधामणीत कोण वाचणार आहे?”

ती हसली. “तू लय पुस्तकी बोलतं रे भाऊ. काही समजत नाही, पन बरं वाटते.” मग तिने पेन घेतले. “तू सांगून राहिला म्हनून करतो मी सही.”

तिने सावकाश, एकेक अक्षर जुळवीत नाव लिहिले आणि झंपराची लांब बाही मनगटापर्यंत खाली ओढली. तिने लांब बाह्यांचे झंपर शिवून घेतले होते, त्याची गावात थट्टा होत असे. सासरहून शहरी चाल शिकून आली म्हणत. चट्टा झाकण्यासाठी ते आहे, हे आता जगात तीन माणसांना माहीत होते.

त्यानंतर दर महिन्याच्या दहा तारखेला गुंफा गोळ्यांचे पाकीट न्यायला येऊ लागली. गावात सांगे, गुडघे दुखतात. गोळ्यांमुळे तिची कातडी काळवंडली तेव्हा चुलीच्या धगीचे निमित्त पुरे पडले. मी पाकीट कागदी पिशवीत गुंडाळून ठेवीत असे आणि ती आली की गर्दीत तिला थांबावे लागू नये म्हणून मागच्या खिडकीतून देत असे. माझ्या हातून घडलेल्या चांगल्या गोष्टींत ही एक गोष्ट मी गणतो.

इकडे फोटो धुऊन आले. डॉक्टरांनी ते टेबलावर पत्त्यांसारखे मांडले आणि निबंधासाठी निवड केली.

“निवृत्ती, तुमचा हात छान आहे हं,” त्या म्हणाल्या. “आमच्या कॉलेजात पगारी फोटोग्राफर होता, त्याला असा उजेड कधी साधला नाही. आभारात तुमचं नाव घालणार आहे मी.”

“माझे नाव? छापून?”

“मग! फोटो कोणी काढले हे लिहायला नको का?”

मी त्या दिवशी सायकलवरून माझ्या भाड्याच्या खोलीवर जाताना दोनदा उतरलो. का उतरलो ते मलाच सांगता येत नाही. ज्याचे नाव नापासांच्या यादीखेरीज कुठे लागले नव्हते, त्याचे नाव विद्वानांच्या ग्रंथात छापले जाणार होते. निबंध पाठवला गेला, दोनदा परत आला, डॉक्टरांनी तो पुन्हा लिहिला. तो स्वीकारला गेल्याचे पत्र आले तेव्हा त्यांनी विभागात पेढे वाटले. त्यांना एका मोठ्या संशोधन संस्थेत जागा मिळण्याची आशा होती आणि या तिसऱ्या निबंधावर ते बरेच अवलंबून होते.

जानेवारीच्या मध्यावर अंक आला. डॉक्टरांनी एक प्रत माझ्या हाती दिली. निबंधाच्या शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत, माझे नाव होते. मी अंकाला प्लास्टिकचे कव्हर घातले.

दहा दिवसांनी सव्वीस जानेवारी होती. मी सुट्टीसाठी गावी गेलो आणि अंक पिशवीत घालून नेला.

शाळेच्या पटांगणात झेंडावंदन झाले. मुलांनी कवायत केली. चिंचेखाली सतरंज्यांवर गावकरी बसले होते, बाया एका अंगाला. पलीकडे स्वयंपाकाच्या पडवीपाशी गुंफा मुलांना रांगेने बुंदी वाढीत होती. मी मुख्याध्यापक रंगारी गुरुजींच्या कानी माझी गोष्ट घातली होती. गुरुजी साधे, भल्या मनाचे गृहस्थ. त्यांनी ध्वनिक्षेपक हाती घेतला.

“मंडळी, आपल्या गावाला आज अभिमान वाटावा अशी वार्ता आहे. आपले निवृत्ती खरबडे यांचे नाव वैद्यकीय ग्रंथात आले आहे!” त्यांनी अंक उघडून माझ्या नावाची ओळ आधी इंग्रजीत वाचली, मग मराठीत. “‘छायाचित्रांसाठी श्री. निवृत्ती खरबडे यांचे आभार.’ वाजवा टाळ्या!”

टाळ्या झाल्या. आमचे पोलीसपाटील म्हणाले, “अरे, हा तं दहावीत दोनदा गचकला होता!” लोक हसले. मीही हसलो. मग मी गुरुजींकडे दोन शब्द बोलण्याची परवानगी मागितली.

मी ते भाषण आठ दिवस पाठ केले होते. कुष्ठरोग हा शाप नसून एका जंतूने होणारा आजार आहे. गोंदणाच्या सुईतूनसुद्धा तो शरीरात शिरतो. या ग्रंथात त्याचे सचित्र पुरावे दिलेले आहेत, असे मी सांगितले. ‘महारोग’ हा शब्द मला वर्ज्य होता, तथापि मागच्या बाजूने कोणी “म्हंजे काय?” असे ओरडले, म्हणून तोही उच्चारला. शेवटी मी अंक उघडून पुढे बसलेल्यांच्या हाती दिला. उघडला होता तो पहिल्या रुग्णाच्या पानावर. त्या पानावर दूरच्या तालुक्यातल्या एका म्हाताऱ्याच्या दंडावर गोंदलेला विंचू होता. मी असा विचार केला होता की, लोक विंचू पाहतील.

अंक हातोहात फिरत बायांकडे गेला. सारजाबुढीने तो मांडीवर घेतला. तिला अक्षर येत नव्हते. चित्रे पाहण्यासाठी तिने पान उलटले.

“अगे माय!” ती आनंदाने ओरडली. “हा तं आपल्या गुंफीचा मोर होय! पाहा वो, मुंडीच नाही त्याले!”

चार बाया तिच्यावर वाकल्या. “हाव वो! तोच होय!”

“गुंफे, ये इकडे! तुया मोर पुस्तकात गेला वो!”

बायांत हशा पिकला. तो खरोखर कौतुकाचा हशा होता. गावची एक वस्तू ग्रंथात गेली म्हणून त्यांना माझ्या नावापेक्षा अधिक आनंद झाला होता. माझे नाव त्यांच्यापैकी कोणालाच वाचता येत नव्हते. मोर मात्र सर्वांना वाचता येत होता.

मग हळूहळू हशा थांबला. मी पाच मिनिटांपूर्वी काय सांगितले होते, ते एकेकीच्या ध्यानात येऊ लागले.

रंगारी गुरुजी माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा उतरला होता. ध्वनिक्षेपक बाजूला धरून त्यांनी विचारले, “निवृत्ती, हा गुंफाबाईंचा हात आहे का?”

सगळे पटांगण माझ्याकडे पाहत होते. त्या एका क्षणी मला ‘नाही’ म्हणता आले असते. असे गोंदण छप्पन्न जणींच्या हातावर असते, सारजाबुढीला दिसत नाही, असे काहीही म्हणता आले असते. गुरुजींनी ते मानून घेतले असते. मला आज वाटते, ते त्यासाठीच विचारीत होते. परंतु मी रुग्णालयाचा नियम जसाच्या तसा म्हणून दाखवला.

“गुरुजी, रुग्णाचे नाव जाहीर करता येत नाही.”

पडवीच्या बाजूने एका बाईचा आवाज आला.

“थूक ते! थूक म्हनतो ना!”

ती आपल्या मुलीच्या तोंडात बोट घालून बुंदी बाहेर काढीत होती. दुसरीने मुलाच्या हातचा द्रोण घेऊन कुंपणापलीकडे फेकला. रांग आपोआप मोडली. गुंफाच्या हातात झारा होता. तिने तो पातेल्यात ठेवला, पातेल्यावर झाकण घातले, नळावर जाऊन हात धुतले, पदराला पुसले आणि शाळेच्या मागच्या दाराने ती घरी गेली. माझ्याकडे तिने पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टर कर्णिकांना सर्व सांगितले. त्या उभ्या होत्या. खुर्ची ओढून बसल्या.

“तुम्ही अंक गावात नेलात?”

“हो, मॅडम.”

“कशासाठी?”

उत्तराची वाट न पाहता त्या म्हणाल्या, “निवृत्ती, मी तुम्हाला विचारलं होतं.”

ही गोष्ट मी वर लिहिली नाही. ती लिहिण्यासाठीच वस्तुतः मी ही हकिगत लिहावयास बसलो, आणि तिच्यापाशी येईतो तिला टाळीत आलो.

फोटो टेबलावर मांडले होते त्या दिवशी गुंफाच्या हाताचे दोन फोटो होते. एकात केवळ चट्टा आणि पिसाऱ्याची कड दिसत होती. तो किंचित हलला होता. दुसऱ्यात मोर संपूर्ण होता, मानेच्या जागेपर्यंत, चट्ट्याची कोरडी कड आणि त्यावर लव उगवलेली नाही हेसुद्धा दिसावे इतका स्वच्छ. तो फोटो मी आयुष्यात काढलेला सर्वोत्तम फोटो होता. डॉक्टरांनी दोन्ही बाजूबाजूला धरले होते आणि मला विचारले होते, “तुम्ही यांच्याच गावचे ना? या मोरावरून यांना कोणी ओळखेल का? तसं असेल तर मी हा अस्पष्ट फोटो वापरते. निबंधाचं थोडं नुकसान होईल, पण चालेल.”

आणि मी म्हणालो होतो, “नाही, मॅडम. गोंदण आमच्याकडे सगळ्याच बायांच्या हातावर असते. कोण ओळखणार?”

अस्पष्ट फोटोशी माझे नाव जोडले जावे, हे मला सहन झाले नसते. एवढेच कारण. लहानपणी ज्या मोरावरून मी तिला रडेपर्यंत चिडवले होते, तो मोर कोणी ओळखणार नाही असे मी सांगितले.

“मी खोटे बोललो, मॅडम,” मी म्हणालो.

“ते कळलं मला आत्ता.” त्यांचा आवाज चढला नव्हता. “पण चूक माझीही आहे. मी तुम्हाला विचारलं. विचारायला हवं होतं गुंफाबाईंना.”

तीन दिवसांनी त्या रुग्णालयाच्या जीपने वडधामणीला गेल्या. मला त्यांनी सोबत नेले नाही. मागाहून रंगारी गुरुजींकडून कळले की, त्यांनी शाळेत सभा घेतली, रोग आता कोणालाही लागू शकत नाही हे तासभर समजावले, आणि सगळ्यांसमोर गुंफाच्या हातची खिचडी मागून खाल्ली. गावकऱ्यांनी माना डोलावल्या, डॉक्टरांना चहा दिला. दुसऱ्या दिवशी शाळेत बहुतेक मुलांनी घरून डबे आणले. गुंफाने आठवडाभर रोज खिचडी शिजवली आणि रोज ती गुरांना घातली. मग तिने शाळेच्या किल्ल्या गुरुजींच्या टेबलावर ठेवल्या.

दहा फेब्रुवारीला तिचे बाराव्या महिन्याचे, शेवटचे पाकीट होते. ती येणार नाही असे मी धरून चाललो होतो. खरे सांगायचे तर मी तशी इच्छा करीत होतो. बाराच्या सुमारास ती आली. मागच्या खिडकीशी न येता ती समोरच्या दाराने, रांगेतून आली आणि तिचा क्रमांक येईतो बाकावर बसून राहिली.

मी पाकीट पिशवीत गुंडाळू लागलो.

“गुंडाळू नको,” ती म्हणाली. “आता कायले?”

डॉक्टरांनी तिचा हात तपासला. चट्टा बराच पुसट झाला होता. उपचारानंतरचा फोटो घेण्याची पद्धत होती. पुढच्या निबंधाला तो लागणार होता. कॅमेरा कपाटात होता. डॉक्टरांनी कपाटाकडे पाहिले, आणि त्या वहीत लिहीत राहिल्या.

“पुढे काय करणार, गुंफाबाई?”

“बहिनीकडं जातो, बाई. तिकडं कापूस वेचाले जाईन. तिकडचे मले ओळखत नाही.”

डॉक्टर दुसऱ्या रुग्णाकडे गेल्या. मी तिच्यापुढे उभा होतो. आठ दिवस मी क्षमायाचनेची वाक्ये जुळवीत होतो. त्यांत ‘अक्षम्य’ आणि ‘अपराध’ हे दोन्ही शब्द होते.

“गुंफा, माझ्या हातून अक्षम्य...”

“भाऊ,” तिने मला थांबवले. “तुयं नाव कुठं हाय त्याच्यात? दाखव बरं मले.”

विभागाची प्रत टेबलाच्या खणात होती. मी ती काढली आणि शेवटचे पान उघडले. निबंध संपल्यावर, संदर्भांची यादी सुरू होण्याआधी, आभाराच्या तीन ओळी होत्या. त्यांतल्या तिसऱ्या ओळीच्या शेवटाला मी बोट दाखवले. ती वाकली. मी दाखवले होते तिथे तिने स्वतःचे बोट टेकवले आणि डोळे बारीक करून पाहिले.

“हे?”

“हो.”

“एवढंसंच?”

तिने बोट उचलले. सवयीने बाही मनगटापर्यंत ओढली. मग काय मनात आले कोण जाणे, तिने ती पुन्हा कोपरापर्यंत वर सारली, पाकीट उघडेच हातात धरले, आणि रांगेतल्या लोकांमधून वाट काढीत ती दाराबाहेर गेली.